चंद्रावरची मोजणी आणि एका खिळ्याचा अर्ज

“सर, जो माणूस चंद्रावर अजून गेलाच नाही, तो तिथून परत कसा आला?”

हा प्रश्न माझा नव्हे, हे आधीच सांगून टाकते. प्रश्न माझ्या वर्गातल्या गोदूचा, तोंड फक्त माझं. इंग्रजी पाचवीत आम्ही मुली चारच. चौघींत पैज अशी लागली होती की वाचनालयाच्या भरसभेत, बायकांच्या सतरंजीवरून उठून जी हे विचारील, तिचं दप्तर बाकीच्या तिघींनी होळीपर्यंत वाहायचं. आता संक्रांतीला मला वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालेलं. तेव्हापासून गावातली कुठलीही सभा माझ्यावाचून अडून बसली आहे असं मला वाटायचं. मी उठले, विचारलं, खाली बसले. दप्तराचा प्रश्न सुटला आणि आमच्या नंदुरबार गावाचा सुरू झाला.

सभा कसली ते सांगते. कैलासवासी रघुनाथराव पिंगळे हे आमच्या गावचे एकुलते एक ग्रंथकार. ते मोजणी खात्यात होते आणि निम्मी हयात धडगावच्या डोंगरात साखळी ओढण्यात गेली. जमीन मोजून मोजून कंटाळलेला माणूस वर बघतो. पिंगळ्यांनी वर बघितलं आणि सात ‘शास्त्रीय अद्भुत कादंबऱ्या’ लिहिल्या. त्यांतली गाजलेली म्हणजे ‘चंद्रावरील मोजणी’. तिचा नायक भास्करराव मोजणीदार मोहाच्या अर्कावर उडणाऱ्या लोखंडी मेण्यात बसून चंद्रावर जातो. सोबत रेवजी नावाचा साखळीवाला. दोघे चंद्र मोजतात, तिथल्या लोकांच्या बांधावरच्या तक्रारी ऐकतात आणि परत येतात. निदान गावाचा तसा समज होता.

पिंगळ्यांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या पत्नी कमलबाई गावातच राहतात. यजमानांचा फोटो वाचनालयात लागावा एवढी त्यांची एक इच्छा. त्यांनी फोटो दिला, घरात उरलेली ‘मोजणी’ची शेवटची प्रतही दिली. माझे वडील, म्हणजे नाना, दिवसा तालुका कचेरीत कारकून आणि उरलेल्या वेळात वाचनालयाचे बिनपगारी चिटणीस. त्यांनी ती जीर्ण प्रत नव्याने बांधून घेतली आणि हेडमास्तर खांबेटे यांचं व्याख्यान ठरवलं. विषय, ‘कै. पिंगळे यांचे वाङ्मय : मोल आणि वारसा’. व्याख्यान संपताच टाळ्यांच्या गजरात फोटो लावायचा, असा साधा बेत होता.

हेडमास्तर पाऊण तास पिंगळ्यांना आभाळात चढवत होते. तेवढ्यात माझा प्रश्न आला. त्यांनी टेबलावरची प्रत उचलली आणि, मला आता खात्री आहे, आयुष्यात पहिल्यांदा उघडली. त्यात बरोबर मध्यावर भास्करराव चंद्रावरून आलेला, अंगणात पाय धुतोय आणि शिदोरीचं रिकामं फडकं बायकोच्या हातात देतोय. पुढे पन्नास पानांनी तीच बायको डोळे पुसत त्याच फडक्यात ठेचा-भाकरी बांधून त्याला चंद्राकडे रवाना करतेय. प्रकरणांना आकडे नव्हते, नुसती फुलं होती. शिवाय दर सोळा पानांनी वाक्य मध्येच तुटायचं आणि भलत्याच ठिकाणी सुरू व्हायचं. प्रत बांधून आमच्या घरी आली तेव्हाच आम्ही मुलींनी ते वाचलं होतं, पण मोठं वाङ्मय असंच असतं असं समजून गप्प बसलो होतो.

हेडमास्तर पुण्याचे. ते गडबडले नाहीत. म्हणाले, “हेच! नेमकं हेच मी सांगणार होतो. आतापर्यंत गुण झाले, आता दोष.” आणि पुढची पाऊण घटका त्यांनी पिंगळ्यांना जमिनीवर उतरवून पार विहिरीत नेलं. ज्याला माणूस आधी जातो आणि मग येतो एवढंही कळत नाही, त्याला ग्रंथकार म्हणायचं तर टांगेवाल्यालाही म्हणावं लागेल.

त्यावर वकील उदेसिंग गिरासे उठले. हेडमास्तरांनी सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं, तरी आमचे वकील तहकुबी मागतात. ते गरजले, “हा दोष नाही, ही प्रतिभा आहे! काळ सरळ चालत नाही हे विलायतेतले शास्त्रज्ञ आत्ता कुठे चाचरत म्हणू लागलेत. आमच्या पिंगळ्यांनी ते तीस वर्षांपूर्वी धडगावात बसून लिहून ठेवलं! ते रिकामं फडकं म्हणजे काय? ते मानवी जीवन आहे!”

मागच्या बाजूला कमलबाई फोटो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुसून लख्ख केलेला, हार घातलेला. तो त्या दिवशी लागला नाही. हार सुकला, त्या घरी गेल्या. मला ते दिसलं, पण मी तेव्हा दप्तराविना चालण्याच्या आनंदात होते.

तसा तो फोटो लागूही शकला नसता, कारण खिळा. वाचनालयाची भिंत म्युनिसिपालिटीची. नानांनी रीतसर अर्ज केला होता की ‘एक खिळा ठोकण्यास परवानगी असावी.’ उत्तर आलं, खिळा किती इंची? नानांनी लांबी कळवली. मग फोटोचं वजन किती, भिंतीस झेपेल काय? आमचे शेजारी उखाकाका मिरचीचे व्यापारी. त्यांच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या मैदानात, पोती तोलायचा मोठा काटा आहे. नाना कमलबाईंकडून फोटो मागून आणून काट्यावर घेऊन गेले. फोटो एका पारड्यात, दुसऱ्यात मापं. अडीच शेर भरला. मिरचीची पूड बसली होती ती धरून पावणेतीन.

वजन कळवल्यावर शेवटचा शेरा आला, तो मी जन्मात विसरणार नाही. ‘सदर गृहस्थांच्या वाङ्मयीन योग्यतेविषयी गावात मतभेद असल्याचे समजते. तरी योग्यतेचा दाखला जोडून अर्ज पुन्हा सादर करावा.’

“अवं, एक खिया ठोकाले इतला कागद?” माय चुलीपुढून म्हणाली. “तुन्हा बापले सांग, मी वरवंटाघाई ठोकी देस.”

नाना शुद्ध बोलू लागले. घरात ते आमच्यासारखंच अहिराणी बोलतात, पण दुखावले की थेट कचेरीची भाषा येते. “हे प्रकरण वरवंट्याचे नाही. योग्यतेचा दाखला सभासदांच्या मतदानाने देण्यात येईल.”

म्हणजे आधी जाहीर वादविवाद, मग पुढच्या रविवारी मतदान. पुराव्याचं पुस्तक कोणी बदलू नये म्हणून वकिलांच्या आग्रहावरून ते फडक्यात बांधून, गाठीवर लाख ओतून, आमच्याच घरी फडताळात ठेवलं. खुनाच्या खटल्यातला मुद्देमाल ठेवतात तसं.

इकडे माझा भाव चढलेला. हेडमास्तर वर्गात म्हणाले, “कोठावद्यांच्या तापीने चिकित्सक बुद्धी दाखवली. वादविवादात ती माझ्या बाजूने बोलेल.” मी हो म्हटलं. हेडमास्तरांना नाही कसं म्हणायचं? संध्याकाळी वकीलसाहेबांनी नानांना आणि मला चहाला बोलावलं. म्हणाले, “पोरी, तुझ्या प्रश्नानेच पिंगळ्यांचं रहस्य उघडलं. तू माझ्या बाजूने बोलायचं.” ताटलीत शेव होती. मी त्यालाही हो म्हटलं. आता हे चूक होतं हे मला कळतं. पण तेव्हा खरंच वाटायचं की दोघांचंही बरोबर आहे. हेडमास्तर बोलले की वाटायचं, अगदी खरं, काय हा भोंगळ लेखक! वकील बोलले की वाटायचं, अगंबाई, केवढा हा माणूस! आणि पुस्तक आठवलं की काहीच वाटायचं नाही, नुसतं गरगरायचं.

सल्ले तर रस्त्यात पडलेले. उखाकाका म्हणाले, “तापे, तू इचारं ते बराबर शे. पन माले एक सांग, चंद्रवर मिरची पिकस का?” मी म्हटलं, पुस्तकात तसं नाही. “मंग कसानं पुस्तक ते!” असं म्हणून त्यांनी पिंगळ्यांचा निकाल लावला. पण मनाने उदार. वाचनालयात माणसं मावणार नाहीत म्हणून वादविवादाला त्यांनी आपली पथारी दिली.

माघातली दुपार, चहूकडे तांबड्या मिरच्यांचे गालिचे, मध्ये सतरंज्या. दिसायला फार सुंदर. हेडमास्तर उभे राहिले, “कै. पिंगळे यांच्या वाङ्मयात...” आणि वाऱ्याची एक झुळूक आली.

पहिली शिंक हेडमास्तरांची. मग वकिलांची, आणि ती लगेच, कारण ते कशातही मागे राहत नाहीत. मग सगळ्या सभेची. माणसं शिंकत होती, रडत होती, उपरण्यांनी डोळे चोळत होती आणि चोळून आणखी रडत होती. “कालाचा... आक्छी... विपर्यास!” असं वकील ओरडायचे आणि त्यांचा पक्ष टाळ्या वाजवायचा. मी पहिल्यांदा हेडमास्तरांच्या बाजूने पाठ केलेलं भाषण म्हटलं. खाली बसायला वळले तर वकिलांनी नाव पुकारलं. मी तशीच परत वळले आणि दुसरं भाषण म्हटलं. निदान तसा माझा विचार होता. प्रत्यक्षात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दोन्ही भाषणं एकमेकांत मिसळली. “जो ग्रंथकार आधी परत येतो तो भोंगळ असतो,” मी म्हणाले, “आणि म्हणूनच तो थोर असतो!” दोन्ही पक्ष एकदमच हसले. एकमत झालेली सभेतली तेवढी एकच गोष्ट. गोदूने खाली मान घातली. संक्रांतीचं बक्षीस परत करावं असं मला वाटलं.

धुळ्याच्या एका साप्ताहिकात मात्र छापून आलं, ‘कु. तापी कोठावदे यांच्या भाषणाने श्रोतृवृंदाच्या डोळ्यांतून अश्रुधारा वाहिल्या.’ खोटं काहीच नव्हतं.

तीन दिवस मी शाळेत कुणाशी बोलले नाही. दप्तर स्वतः वाहिलं. शेवटी शनिवारी अर्धी शाळा करून आले तर माय कोपऱ्यातला पिंगळ्यांचा फोटो बघत बसली होती. वजन झाल्यापासून तो आमच्याकडेच पडून होता, काचेच्या कडांत मिरची बसलेली. माय म्हणाली, “इतला लोके बोलनात. ज्यानी बायको जित्ती शे, तिले कोनी इचारं का?”

खरंच की! कोणीच नाही. मी तरी कुठे विचारलं होतं?

फोटो घेऊन मी कमलबाईंकडे गेले. त्यांनी आधी काच पुसली, दोनदा शिंकल्या, मग मला बसायला पाट दिला. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “येडी का काय तुम्ही सगळी? न जाता कोणी परत येतं का?”

“पण पुस्तकात तसं आहे, काकू.”

“असेल कसं? सभेतही मला हेच वाटलं, पण मला कोण विचारतंय! हे लिहायचे ते रोज दिवेलागणीला मला वाचून दाखवायचे. मला अक्षर येत नाही बाई, पण ऐकलेलं जात नाही. आधी फडक्यात ठेचा बांधून देते ती. मग तो चंद्रावर ठेचा खातो आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तिथल्या लोकांना वाटतं याच्या घरी कोणी वारलं, म्हणून सगळा चंद्र येऊन त्याच्यासोबत रडतो. मग तो येतो आणि फडकं तिच्या हातात देतो.” त्यांनी पदराने काच पुन्हा पुसली. “ते फडकं माझं आहे. हे मोजणीला डोंगरात निघाले की मी बांधायची. पंधरवड्याने आले की उंबऱ्यात आधी फडकं हातात द्यायचे, मग पाय धुवायचे. एकदाही हरवलं नाही.”

मी म्हटलं, “वकीलसाहेब तर म्हणतात, उलटं लिहिलं म्हणूनच पिंगळे मोठे.”

“आणि दुसरे म्हणतात, उलटं लिहिलं म्हणून लहान.” कमलबाईंनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला. “फोटोचं राहू दे गं. पण तो आधी जाऊ दे, मग येऊ दे. एवढं नीट करा.”

तिथून मी पळत मशिदीजवळच्या बोळात गेले. तिथे वाहिदचाचा जिल्दसाज बसतात. सगळ्या गावाची पुस्तकं आणि वह्या तेच बांधतात, पण मराठी अक्षर त्यांना येत नाही. ‘मोजणी’चं नाव काढताच त्यांनी सुई खाली ठेवली.

“बेटी, मैं क्या करता? वाळवीने कोपरे सगळे खल्लास केले होते. पानाचा आकडा गेला, फर्म्याचा आकडा पण गेला.” फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, अशा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं. “मी तुझ्या अब्बांना बोललो, सेक्रेटरीसाब, कोणीतरी वाचून क्रम लावून द्या. ते बोलले, वाहिदमियाँ, शनिवारी समारंभ आहे, कसंही बांधा.”

“मग तुम्ही क्रम कसा लावला?”

वाहिदचाचांच्या चेहऱ्यावर तेज आलं. “अकलेने! वाळवी बाहेरून आत खाते. बाहेर भोक मोठं, आत छोटं. मी भोकं मापली. सगळ्यात मोठं पहिलं, सगळ्यात बारीक शेवटचं. एकदम बराबर बसलं!”

आतून त्यांच्या बायकोचा, जन्नतबींचा आवाज आला. “मी तवाच बोलले होते, दोन्ही बाजूने घुसली होती ती! पुढनं पण, मागनं पण. पण हमारी कौन सुनता है!”

गावात दोन पक्ष पडले होते, मानवी जीवन, विलायती शास्त्रज्ञ, कालाचा विपर्यास. आणि ते सगळं वाळवीने लिहिलं होतं. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि ‘कसंही बांधा’ हे शब्द तर नानांचेच होते.

पुढचं मी विचार करून केलं असं म्हणणार नाही. घरी जाऊन फडताळातलं गाठोडं काढलं, लाख फोडली, आणि वाहिदचाचा आणि जन्नतबींना कमलबाईंच्या ओसरीवर जमवलं. वाहिदचाचांनी पुस्तक उसवून चौदा घड्या मांडल्या. मी एकेका घडीची पहिली ओळ वाचायची, कमलबाईंनी डोळे मिटून म्हणायचं, “हे नाही. याच्या आधी मेण्याला अर्क भरतात.” घडीच्या शेवटी तुटलेलं वाक्य दुसऱ्या घडीच्या तोंडाशी जुळलं की वाहिदचाचा “बराबर!” म्हणायचे आणि जन्नतबी टाका घालायच्या. टाके पडेपर्यंत मी मधली पानंही मोठ्याने वाचून दाखवत होते.

आणि पिंगळे थोर की नाही, याचा उलगडा तरीही झाला नाही हो! साखळीने चंद्र मोजायची चाळीस पानं आहेत. इतकी रटाळ, की वाहिदचाचा बसल्या बसल्या घोरू लागले. पण सगळा चंद्र मिळून रडतो तिथे जन्नतबींची सुई हवेतच राहिली. “फिर?” त्या म्हणाल्या. “पुढे वाच ना.” एकाच माणसाने दोन्ही लिहिलं. एकाच आठवड्यात लिहिलं असेल. याचं काय करायचं, कोण सांगणार?

दिवेलागणीला घरी आले. नाना उद्याच्या मतदानाची टाचणं लिहीत होते. मी नीट शिवलेलं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. शेजारी फुटलेली लाख.

“हे सील कोणी तोडले?” भाषा शुद्ध होती. म्हणजे प्रकरण गंभीर.

मी सगळं सांगितलं. ‘कसंही बांधा’ आलं तेव्हा नानांनी टाक खाली ठेवला. माय तोंडात पदर कोंबून हसत होती. नाना बोलले ते एकदम अहिराणीत. “उद्या हाई सांगं ते गाव म्हनी, चिटणीसनी वाळवीले संपादक नेमं. आन नही सांगं, ते वकीलना मतं जास्त शेतस. फोटो लागी जाई. कमलबाईनं काम व्हई जाई.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “आते सांग, तू कोन्ही बाजूनी शे?”

मी उभी राहिले. पैज नव्हती, तरीही.

“नाना, माय, मी ठरवलंय. उद्या मी कोणाच्याच बाजूने बोलणार नाही. मी पहिल्या पानापासून पुस्तक वाचणार, मोजणीच्या चाळीस पानांसकट. कमलबाई पुढच्या सतरंजीवर बसणार आहेत, त्यांच्याशेजारी जन्नतबी. भास्करराव आधी जाईल, मग येईल. त्यानंतर ज्याला हात वर करायचा त्याने करावा. माझा हात वर होईल का, ते मला अजून कळलेलं नाही. वाळवीचं मी सांगणार आहे. पण ते तुम्ही आधी उठून सांगितलंत, तर मला नुसतं वाचायचंच काम राहील. आणि दाखला मिळो न मिळो, खिळ्याची काळजी करू नका. माय वरवंटा घेऊन येणार आहे.”